घोडा कुणाच्या खर्ची?

साडेतीनशे किलो वजनाच्या दख्खनी घोड्याला वैरण आणि चंदी मिळून दिवसाला सात-आठ किलो कोरडे खाणे लागते. पाणी वेगळे. हजार घोड्यांची पागा असेल तर हा रोजचा हिशेब आठ टनांच्या घरात जातो. पावसाळ्याचे चार महिने ती एका जागी बांधून ठेवायची म्हटली तर साडेनऊशे टनांहून अधिक माल आधी जमवावा लागेल. बैलगाडीत अर्धा टन मावतो असे धरले, तर जवळजवळ दोन हजार गाड्या झाल्या. आणि या चार महिन्यांत घोडा धन्याला एक पैसाही मिळवून देत नाही. मराठी घोडदळाचा इतिहास लिहिताना आपण तलवारीपासून सुरुवात करतो. मला ती कडब्याच्या गंजीपासून करावीशी वाटते, कारण त्या घोडदळाच्या बऱ्याच सवयी, चांगल्या आणि वाईटही, या खर्चातून आलेल्या आहेत.

घोडा बाळगणाऱ्यापुढे नेहमी दोन प्रश्न असतात. तो बसून खातो तेव्हा त्याला कोणी पोसायचे, आणि तो मेला तर नुकसान कोणाचे? मराठी लष्कराने या प्रश्नांची दोन उत्तरे काढली आणि दोन्हींना नावे दिली. बारगीर म्हणजे सरकारच्या घोड्यावर बसणारा. घोडा, चंदी, नालबंदाची मजुरी, सगळे सरकारी. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येणारा. शब्द दोन्ही फारसीतून आले. पहिल्याचा मूळ अर्थ ओझे वाहणारा असा आहे, दुसऱ्याचा हत्यार बाळगणारा. मराठीत मात्र 'शिलेदार' हे बिरुद झाले आणि 'बारगीर' तसाच खाली राहिला. घोड्याची मालकी ही अशी भाषेतही उतरते.

शिवाजी महाराजांचा कल पागेकडे होता. सभासद पागेची मांडणी तपशिलाने देतो: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमला, दहा जुमल्यांवर हजारी. त्यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि खूर या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाले की घोडा जातो, हे ज्याला ठाऊक आहे त्याचीच ही व्यवस्था. शिलेदारांची संख्या सभासद पागेपेक्षा जास्त सांगतो, ६० हजार विरुद्ध ४५ हजार. पण पागा बळकट ठेवली म्हणजे शिलेदार तिच्या धाकात राहतात, हा त्यामागचा विचारही तो सांगतो. म्हणजे सरकारी घोडा महाग पडला तरी चालेल, पण स्वाराची निष्ठा दुसऱ्या कोणाच्या तबेल्यात बांधलेली नको.

चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी लिहिलेले पत्र शाळेच्या पुस्तकांमुळे सर्वांना माहीत आहे. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातले हे पत्र आपण रयतेबद्दलच्या कळवळ्यासाठी वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण ते एका पागेच्या व्यवस्थापनाचेही पत्र आहे. पावसाळ्यासाठी दाणा आणि गवत जमवलेले आहे. ते आत्ताच मन मानेल तसे उधळले, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, असा त्यातला क्रम आहे. रयतेवरचा जुलूम तिथे शेवटी येतो, सुरुवात होते ती चुकलेल्या वाटपापासून. पुढे आगीची धास्ती आहे. उंदराने दिव्याची जळती वात ओढून नेली तर गवत पेटेल, आणि गवत गेले की घोडी गेली. राजाने उंदराच्या वातीपर्यंत विचार करावा याचे आपण कौतुक करतो. तबेला चालवणाऱ्या कोणालाही मात्र त्यात नवल वाटणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर त्याची सगळी पुंजी त्या गंजीतच असते.

पेशवाईत फौजा वाढल्या, स्वाऱ्या लांबल्या, आणि एवढी घोडी सरकारी खर्चाने पोसणे कोणालाच परवडेना. शिलेदारांचे प्रमाण वाढत गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या पदरी राहिलेल्या विल्यम टोन या आयरिश अधिकाऱ्याने त्या काळचे दर नोंदवून ठेवले आहेत. खाशा पागेतल्या बारगिराला महिना ८ रुपये. स्वतःचा घोडा आणणाऱ्या शिलेदाराला ३५. आणि एकेकट्याने येऊन चाकरी धरणाऱ्याला, म्हणजे ज्याला आपण एकांडा शिलेदार म्हणतो त्याला, घोड्याच्या किमतीप्रमाणे ४० ते ५०. आज 'एकांडा शिलेदार' म्हटले की एकट्याने झुंजणारा बाणेदार माणूस डोळ्यांपुढे येतो. टोनच्या हिशेबात तो मुख्यतः चांगल्या घोड्याचा मालक आहे.

८ आणि ३५ या दोन आकड्यांमधला २७ रुपयांचा फरक हा घोड्याचा पगार. त्यात दाणा, वैरण, नाल, खोगीर आणि मोतद्दार बसवायचा, आणि घोडा म्हातारा झाला की नवा घेण्यासाठी काही बाजूला टाकायचे. हातात वेळेवर पडले तर हे जमण्यासारखे होते. पण वेळेवर पडत नसे. मोहिमेच्या आधी 'नालबंदी' म्हणून थोडी उचल मिळे आणि बाकीचे पैसे थकत. सरदाराच्या दारात स्वारांनी धरणे धरून बसायचे, ही त्या काळातली नित्याची गोष्ट होती. सावकाराचे व्याज मात्र थकत नसे.

याचा लढाईवर काय परिणाम झाला? टोनचे निरीक्षण असे, की घोडा ही स्वाराची स्वतःची मालमत्ता आणि तो पडला तर नुकसान त्याचेच, म्हणून तो घोडा धोक्यात घालायला राजी नसतो. काही करारांत लढाईत पडलेल्या घोड्याची भरपाई कबूल केलेली असे, पण कबुली आणि रोकड यांत अंतर होते. आता, गनिमी काव्याला 'पळपुटी लढाई' म्हणणाऱ्या इंग्रज लेखकांवर आपण चिडतो. मी टोनचे म्हणणे त्या पठडीत टाकत नाही. ज्याचे घर, कर्ज आणि पुढच्या वर्षाची चाकरी एका जनावरावर उभी आहे, त्याने ते जनावर तोफेसमोर नेताना दोनदा विचार करावा, यात भित्रेपणा कसला? तो हिशेबी माणूस होता. दोष द्यायचाच तर सगळी जोखीम त्याच्या अंगावर ढकलणाऱ्या व्यवस्थेला द्यावा.

सरकारलाही याच व्यवस्थेने फसवले. पगार घोड्यामागे मिळतो म्हटल्यावर हजिरीच्या दिवशी घोडा दाखवणे हाच धंदा होतो. एकाच घोड्याने दोन ठिकाणी हजिरी द्यायची, नाहीतर मरतुकडे तट्टू उसने आणून उभे करायचे. म्हणून घोड्याचा रंग, खुणा आणि वय लिहून घेण्याची पद्धत आली. दिल्लीच्या अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची सक्ती केली तीही याच रोगावर. 'खोगीरभरती' आणि 'भाड्याचे तट्टू' हे आपले दोन तुच्छतादर्शक शब्द घोड्याच्याच दुनियेतले आहेत, हे उगाच नव्हे.

पानिपताबद्दल इथे थोडेच. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद तुटली. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी जे घोडदळ बाहेर पडले ते कित्येक आठवडे अर्धपोटी होते. त्या दिवसाची कारणे पुष्कळ सांगितली जातात. त्यांत रिकाम्या तोबऱ्याला आणखी वरची जागा मिळायला हवी.

आता या गोष्टीचा उत्तरार्ध. तो सहसा कोणी सांगत नाही, कारण तो इंग्रजांच्या खात्यात जमा आहे. जून १८१७ च्या पुणे तहात दुसऱ्या बाजीरावाकडून ३४ लाखांचा मुलूख तोडून घेतला गेला. त्याच्या उत्पन्नातून ५ हजार स्वार आणि ३ हजार पायदळ उभे करायचे होते. त्यातून पुढे 'पूना हॉर्स' ही पलटण घडली. शिरूर हे तिचे बरीच वर्षे ठाणे होते. पेशव्याचे राज्य बुडवणाऱ्या कंपनीने पेशव्याची एक गोष्ट जशीच्या तशी उचलली, ती म्हणजे शिलेदारी. स्वस्त पडते, हे तिला लगेच कळले. घोडे विकत घेणे नको, तबेले बांधणे नको, चारा पुरवणे नको. स्वाराला ठोक पगार द्यायचा, बाकी त्याचे तो बघेल.

१८५७ नंतरच्या पुनर्रचनेत शिलेदार स्वाराचा पगार महिना सुमारे २७ रुपये झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तिशीच्या वर गेला. सरकारी घोड्यावर बसणाऱ्याला सुमारे ९ मिळत. टोनच्या आकड्यांशेजारी हे ठेवून पाहावे: शंभर वर्षांत घोड्याचा पगार फारसा हललेला दिसत नाही. भरती होताना स्वाराने घोडा आणायचा, किंवा त्याच्या किमतीची रक्कम पलटणीत ठेव म्हणून भरायची. या हक्काला 'आसामी' म्हणत. काही पलटणींत ती विकली जाई, बापाकडून मुलाकडे येई. एकाच्या नावावर अनेक आसाम्या असत, आणि त्याच्या घोड्यांवर पगारी बारगीर बसत. म्हणजे शिलेदार हा लहानसा तबेलामालकच झाला. दोन स्वारांत मिळून एक गवतकाप्या आणि एक ओझ्याचे तट्टू असे. शिवाय दरमहा पगारातून 'चंदा' कापला जाई. कोणाचा घोडा मेला तर या सामाईक निधीतून नवा मिळे.

हा चंदा मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. मराठी शिलेदाराचा घोडा मेला तर तो एकटा बुडत असे. चंद्यामुळे तेच नुकसान पाचशे जणांत वाटले गेले. मात्र घोडी अधूनमधून, थोडी थोडी मरतील याच गृहीतावर असा निधी चालतो.

१९१४ च्या शरद ऋतूत पूना हॉर्स फ्रान्सला गेली. तिथे घोडी आणि माणसे दोन्ही अशा वेगाने जाऊ लागली, की पलटणीच्या पेटीतला पैसा आणि गावाकडची भरती यांनी ते भरून निघणे शक्य नव्हते. प्रत्येक पलटणीचे खोगीर वेगळे, खरेदी वेगळी, हिशेब वेगळा. नवा रिकरूट ठेव कुठून भरणार आणि घोडा कुठून आणणार? शेवटी घोडा, दाणा, सामान सगळे सरकारलाच पुरवावे लागले. ज्या व्यवस्थेने सरकारचा खर्च वाचवला होता तिचे कामच संपले. युद्धानंतर शिलेदारी मोडीत निघाली. १९२१ च्या सुमारास ३९ घोडदळ पलटणींच्या २१ झाल्या आणि पूना हॉर्स दुसऱ्या एका पलटणीत मिसळली गेली. त्या ३९ पैकी मद्रासकडच्या तीन सोडल्या तर बाकी साऱ्या शिलेदारी होत्या. शिवकाळातला बारगीर अखेर जिंकला, फक्त त्या नावाने त्याला कोणी ओळखत नव्हते.

आणि घोडा? भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या ज्या काटक भीमथडी घोड्यावर हा सारा कारभार चालला, त्याला पोसणाऱ्या पागा गेल्या आणि तो संपल्यातच जमा झाला. उरला तो धनगरांकडे. अलीकडेच त्याला देशातल्या घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता मिळाली, तीही तिथे तो टिकला म्हणून. धनगराच्या वाड्यावर घोडा बांधून खात नाही. मेंढरांबरोबर चरतो आणि मुक्काम हलला की भांडीकुंडी, कोकरे, कधी म्हातारे माणूस पाठीवर घेतो. त्याच्यासाठी गंज रचावी लागत नाही. दिवाळी उरकली की घाटमाथ्यावरचे वाडे कोकणाच्या वाटेला लागतात, आणि शेतात मेंढरे बसवण्याच्या मोबदल्यात मिळालेले धान्यही याच घोड्यांवर लादले जाते.