शनवार तेल्यांची शाळा

रायगडच्या किनाऱ्यावर नवगाव-किहीमपासून मुरूड-म्हसळ्यापर्यंत एकेकाळी गावोगाव लाकडी घाणे फिरत. डोळ्यांवर झापडं बांधलेला बैल, उखळीत फिरणारी लाट, खाली गळणारं तेल आणि बाजूला साठणारी पेंड. यांतले काही घाणे शनिवारी मात्र बंद असत. ते बेने इस्रायली या ज्यू समाजाचे. शब्बाथ पाळतात म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, ही त्यांची परंपरागत कथा. गावांवरून त्यांची आडनावं पडली: दिवेकर, किहीमकर, चेऊलकर, पेणकर, राजपूरकर. याच समाजातून पलटणीतले देशी अधिकारी, हिब्रूचे पंडित, संस्थानचा कारभारी आणि 1937-38 साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस पुढे आले. घाण्यापासून महापौरपदापर्यंतच्या या वाटचालीचं श्रेय सहसा इंग्रजी राज्याला आणि मुंबई शहराला दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. या समाजाला वर नेलं ते लवकर हाती लागलेल्या लेखन-वाचनाने, आणि तेही मराठीतल्या.

पलटणीचा दाखला पहिल्यांदा पुढे केला जाईल, आणि तो वजनदार आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकिएल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि 1796 साली त्यांनी मुंबईत मांडवीला समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. पगार, पेन्शन आणि मान हे सगळं पलटणीने दिलं, यात शंका नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यात जातवार कंपन्या बनू लागल्या. स्वतःची कंपनी उभी करण्याएवढं संख्याबळ बेने इस्रायलींकडे नव्हतं, त्यामुळे त्यांची ती वाट आक्रसली. केवळ पलटणीवर उभा असलेला समाज तिथेच बसला असता. हे लोक मात्र कचेऱ्या, रेल्वे, पोस्ट आणि शाळांकडे वळले, कारण लिहिणारे हात घरात आधीपासून तयार होते.

ते तयार कसे झाले, हे पाहण्यासारखं आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत उतरले आणि त्यांनी मराठी शाळा काढल्या. त्या शाळांत बेने इस्रायली मुलं तर बसलीच, पण शिक्षक म्हणूनही याच समाजातली माणसं लवकर नेमली गेली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये हिब्रू व्याकरण मराठीतून लिहिलं. मिशनऱ्यांना धर्मांतरं हवी होती, ती फारशी झाली नाहीत. समाजाने अक्षरं तेवढी उचलली आणि ती स्वतःच्या धर्मासाठी वापरली. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. 1880 च्या सुमाराला बायबलमधल्या कथांवर चक्क कीर्तनं होऊ लागली, अगदी हरिदासी ढंगाची. अलिबागेत 1830 साली जन्मलेल्या हाईम सॅम्युएल किहीमकरांनी 1875 साली मुंबईत इस्राएली शाळा काढली. समाजाचा सविस्तर इतिहास लिहून ठेवला तोही त्यांनीच. दुसऱ्याने उघडलेल्या शाळेत शिकलेल्या समाजाने दोन-तीन पिढ्यांत स्वतःची शाळा उघडावी, हा मला या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा टप्पा वाटतो, महापौरपदापेक्षाही.

कुणी म्हणेल, मुंबई नसती तर हे शिक्षण वाया गेलं असतं. खरं आहे, किनाऱ्यावर एवढ्या नोकऱ्या नव्हत्याच. पण कुलाबा (आजचा रायगड) आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून हजारो कोकणी माणसं त्याच मुंबईत गेली आणि गिरणीच्या खात्यांत राबली. गाव सोडल्याने मजुरी मिळाली, कचेरीतली खुर्ची नाही. गाव दोघांनीही सोडलं होतं, पण शाळा सगळ्यांनाच लाभली नव्हती.

आणि शाळेच्या दारात कोण पोचू शकत होतं, हा प्रश्न टाळून या यशाचं कौतुक करता येत नाही. तेल्याचा दर्जा गावात काही वरचा नव्हता. तरी त्याच्या घाण्याचं तेल घरोघरी चालत होतं आणि त्याच्या पोराला वर्गात बसण्यापासून कुणी विटाळाच्या नावाने अडवत नव्हतं. याच मुलखातल्या महारांनीही कंपनीच्या फौजेत पिढ्यान् पिढ्या चाकरी केली. पलटणीतल्या शाळांत त्यांनाही शिक्षण मिळालं. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. म्हणजे गुण, कष्ट आणि शिकण्याची ओढ यांत काही कमी नव्हतं. पण 1890 च्या दशकात महारांची भरती थांबली, तेव्हा अस्पृश्यतेमुळे त्यांच्या मुलांना गावातल्या शाळेचा पर्याय बहुतेक ठिकाणी बंदच होता. तळ्याचं पाणी पिण्याच्या हक्कासाठीही महाडला 1927 साली सत्याग्रह करावा लागला. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 साली सैन्यभरती पुन्हा सुरू करावी म्हणून सरकारसाठी अर्ज तयार केला. त्या वर्षी मुंबईतल्या इस्राएली शाळेला एकोणीस वर्षं झाली होती, आणि महाडपासून फार दूर नसलेल्या जंजिरा संस्थानचा कारभार शालोम बापूजी इस्राएल या बेने इस्रायली कारभाऱ्याच्या हाती होता.