चार दिवस, पंधरा मिनिटं

रोज लिहून ठेवणं आपल्याला नवं नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजकीर्दी आहेत. कुणाला किती रुपये दिले, कोणत्या गावाला साऱ्यात सूट मिळाली, ते त्यांत सापडतं. लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात काय चाललं होतं, ते मात्र शोधूनही मिळणार नाही.

मनासाठी लिहिणारेही होऊन गेले. दुसऱ्या शतकात रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस मोहिमांच्या धामधुमीतही स्वतःला उद्देशून टिपणं लिहीत असे. पण अशा लिहिण्याने माणसाला खरंच बरं वाटतं का, हे पडताळून पाहिलं अमेरिकेतल्या डॅलसमध्ये, जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने. मोठा आघात मनात दाबून ठेवणारी माणसं जास्त आजारी पडतात, असं त्याला आढळलं होतं. मग त्याने आणि त्याची विद्यार्थिनी सँड्रा बील हिने कॉलेजातल्या मुलामुलींना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. शुद्धलेखनाची फिकीर करायची नाही, हात थांबवायचा नाही. काहींना पायातल्या बुटांचं वर्णन करण्यासारखे साधे विषय दिले. बाकीच्यांनी आयुष्यातला सर्वांत क्लेशकारक प्रसंग लिहायचा होता; कुणी नुसती हकिकत, कुणी नुसत्या भावना, कुणी दोन्ही.

लिहून उठल्यावर भावना लिहिणाऱ्या मुलांचं मन हलकं झालं नव्हतं, उलट जडच झालं होतं. पण पुढच्या सहा महिन्यांत, ज्यांनी हकिकत आणि भावना दोन्ही लिहिल्या होत्या, त्यांच्या विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या कमी भरल्या. या प्रयोगाचा शोधनिबंध १९८६ साली प्रसिद्ध झाला. आजच्या ‘जर्नलिंग’मागचं शास्त्र इथून सुरू होतं.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं काम. पेनेबेकरने असे कागद शब्दाशब्दाने तपासले. ज्यांना गुण आला, त्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक ‘कारण’, ‘आता कळतंय’ असे शब्द वाढत गेले होते. पहिल्या दिवशीचा विस्कळीत आक्रोश चौथ्या दिवसापर्यंत गोष्टीचं रूप घेत होता. तेच रडगाणं रोज उगाळून हे साधत नाही.

म्हणूनच महागड्या वह्या आणि वर्षभराचे संकल्प मला अनाठायी वाटतात. मूळ पद्धतीला कागद, पेन आणि एकांत पुरतो. तिच्याकडून चमत्काराची अपेक्षाही नको: २००६ साली १४६ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा फायदा खरा, पण लहान निघाला.

डोक्यात गर्दी झाली असेल तर चार दिवस बसून पाहा. काय घडलं तेही लिहा आणि काय वाटलं तेही. एखादी आठवण झेपेनाशी झाली तर ती तिथेच सोडा, दुसरं काही लिहा. हा पेनेबेकरचाच नियम आहे. कागद कुणाला दाखवायचा नाही. लिहून झाल्यावर फाडून टाकलात तरी चालेल.