लाजाळू खरेच लाजते का?

प्रश्न विचारला की मान खाली घालणारे, स्नेहसंमेलनात भिंतीला टेकून उभे राहणारे मूल पाहिले की आपण सहज म्हणून जातो, "अगदी लाजाळूचे झाड आहे!" इंग्रजीतही अशा माणसाला एका फुलाचेच नाव आहे : वॉलफ्लॉवर. जुन्या भिंतींच्या फटींत उगवणाऱ्या या फुलाचे नाव नाचाच्या समारंभात भिंतीशी बसून राहणाऱ्यांना मिळाले. ते नाव जागेवरून पडले, आपले स्वभावावरून. हा स्वभाव कोणत्या झाडाचा, आणि तो खरोखर लाजण्याचा आहे का, हे पाहू.

गुलाबी गोंड्यांची, काटेरी लाजाळू मूळची भारतातली नाही. ती उष्ण कटिबंधातील अमेरिकेची. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, त्यानंतरच ती समुद्रमार्गे आपल्याकडे येऊ शकली. मग त्यापूर्वी येथे स्पर्शाने मिटणारे झाड नव्हते का? होते. झरेरा किंवा लाजरी या नावाने ओळखली जाणारी, पिवळ्या फुलांची, बिनकाट्यांची चिमुकली वनस्पती पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओलसर सावलीत उगवते. तिच्या पानांचा घेर छोट्या छत्रीसारखा दिसतो. हात लावला की तिच्या पर्णिका खाली झुकतात; अमेरिकन लाजाळूच्या वर मिटतात.

नावे एका झाडावरून दुसऱ्यावर कशी जातात याचा पुरावा केरळात सापडतो. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ या काळात मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात 'तोट्टावाडी', म्हणजे हात लावताच कोमेजणारी, या नावाखाली चित्र आहे ते पिवळ्या फुलांच्या देशी झाडाचे. आज मल्याळी माणूस तोट्टावाडी म्हणतो तो अमेरिकन लाजाळूला! मराठीतही असेच काही घडले असावे. पाहुणीने घरच्या मुलीचे नाव घेतले.

लिनियसने १७५३ मध्ये या पाहुणीला 'मिमोसा पुडिका' म्हटले. पुडिका म्हणजे लॅटिनमध्ये लाजरी. पण लाज ही आपली कल्पना. पानाच्या बुडाशी फुगीर सांधा असतो. स्पर्श होताच विद्युत्संदेश तेथे पोचतो, एका बाजूच्या पेशींतील पोटॅशियमचे आयन आणि पाणी बाहेर पडते आणि पान मिटते. या विद्युत्संदेशांवर जगदीशचंद्र बोस यांनी मोलाचे प्रयोग केले.

आता आपल्या कामाची गोष्ट. फ्रेंच शास्त्रज्ञ देफोंतेन याने लाजाळूची झाडे घोडागाडीतून पॅरिसभर फिरवली होती. १८०५ च्या एका ग्रंथात त्याची नोंद आहे. गाडी हलताच पाने मिटली. पण प्रवास चालू असतानाच ती पुन्हा उघडली! २०१४ मध्ये मोनिका गाग्लियानो आणि सहकाऱ्यांनी कुंड्या १५ सेंटिमीटरवरून पुनःपुन्हा खाली सोडल्या. धक्का निरुपद्रवी आहे असे 'कळल्यावर' पाने मिटेनाशी झाली. वेगळ्या प्रकारे हलवल्यावर मात्र मिटली. महिनाभरानंतरही हा फरक टिकून होता. याला स्मृती म्हणावे का, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे.

मोखाडा-जव्हारच्या शाळांत येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी वारली, कोकणा किंवा ठाकरी बोली असते आणि पाठ्यपुस्तकात प्रमाण मराठी. असे मूल गप्प बसले तर तो त्याचा स्वभाव, असे ठरवून आपण मोकळे होतो. झाडावरून मुलाविषयी सिद्धान्त काढता येत नाही. पण मिटणे हा कशाला तरी दिलेला प्रतिसाद असू शकतो, एवढे झाड नक्की सुचवते. धक्का कसला, हे शोधणे आपले काम.

वर्गात एक कुंडी ठेवून पाहा. चार बोटे उंचीवरून ती घडी घातलेल्या गोणपाटावर पुनःपुन्हा सोडा, आणि कितव्या वेळी पाने उघडीच राहतात ते मुलांना मोजू द्या. नोंदी मुलांच्या बोलीत झाल्या तरी चालतील.