जुनी स्पोर्ट्स कार : रास्त भाव कसा ठरवावा?

पाण्यात म्हैस आणि वर मोल करू नये, हा व्यवहारातील जुना दंडक वापरलेल्या स्पोर्ट्स कारच्या खरेदीस विशेष लागू पडतो. झळाळता रंग, जमिनीलगतची बांधणी आणि इंजिनाची गर्जना यांनी खरेदीदाराचे मन आधीच जिंकलेले असते. गाडीच्या अंतरंगाची माहिती मात्र विकणाऱ्यापाशीच असते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन या विषमतेचा परिणाम दाखवून दिला. चांगली आणि वाईट गाडी वेगळी ओळखता येत नसेल, तर ग्राहक सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही आणि बाजारात वाईट गाड्या उरतात. माहितीच्या विषमतेवरील संशोधनासाठी २००१ साली अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. खरेदीदाराने त्यातून घ्यावयाचा बोध असा की, आधी माहिती मिळवावी आणि मगच घासाघीस करावी.

भावाचा आधार

मालकाने गाडी कितीला घेतली, हा भावाचा आधार होऊ शकत नाही. तशीच नवी गाडी आज कितीला मिळते, हे पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला. त्यापूर्वी कर आणि अधिभार मिळून हा बोजा ५० टक्क्यांपर्यंत जात होता. नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीचीही उतरते. त्याआधीच्या बिलावर बेतलेली मागणी म्हणूनच तपासून घ्यावी.

दुसरा आधार विम्याचा. मोटार विमा दरपत्रकातील रूढ तक्त्यानुसार गाडीच्या किमतीत पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरला जातो. हा विम्याचा हिशेब झाला. मोजक्या संख्येने निघालेल्या मॉडेलचा बाजारभाव याहून वर राहू शकतो, तर महागड्या देखभालीच्या गाडीचा बराच खाली येतो. म्हणून त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या किमान चार-पाच गाड्यांचे भाव टिपून ठेवावेत. जाहिरातीतील आकडा ही केवळ मागणी असते. सौदा सहसा तिच्याखाली होतो.

गाडीची पारख

मीटरवर किलोमीटर कमी दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर, रबरी सील आणि बॅटरी न वापरताही खराब होतात. टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतो. ‘३४१९’ म्हणजे २०१९ सालचा ३४ वा आठवडा. मीटरवरील आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहावा. गाडी लिफ्टवर चढवून तळभाग तपासणे अत्यावश्यक आहे, कारण बुटक्या गाडीचे पोट आपल्याकडील गतिरोधकांवर हमखास घासते. रंगाची जाडी मोजणारे उपकरण वापरले, तर पुन्हा रंगवलेला आणि लपवलेला भाग उघडा पडतो.

पावसाळ्याचा इतिहासही विचारावा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडालेली गाडी धुऊनपुसून विकता येते. पण आसनांखालील गंज, गालिच्याखालचा चिखल आणि वायरिंगमधील ओल सहसा मागे राहते.

प्रत्येक मॉडेलचे दुखणे वेगळे असते. पोर्शेच्या १९९७ ते २००५ या काळातील बॉक्स्टर आणि टर्बो व जीटी३ वगळता ९११ गाड्यांत इंजिनातील मधल्या शाफ्टचे बेअरिंग हा नाजूक भाग आहे. तो निकामी झाल्यास संपूर्ण इंजिन बदलण्याची पाळी येऊ शकते. बेअरिंग बदलल्याची पावती असेल, तर अशा गाडीचे मोल निश्चितच वाढते. पोर्शेच्या अनेक गाड्यांत, इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरले याची नोंदही नियंत्रक संगणकात राहते. ती जाणकार तंत्रज्ञाकडून वाचून घ्यावी.

सायलेन्सर किंवा इंजिनाच्या संगणकात हौसेने केलेल्या बदलांसाठी वाढीव पैसे मोजू नयेत. मूळ बनावटीशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी मूळ स्थितीत आणण्याचा खर्च उलट भावातून वजा धरावा.

कागदपत्रांची किंमत

नोंदणी पुस्तकातील इंजिन व चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळतात का, बँकेचा बोजा शिल्लक आहे का, वाहतूक पोलिसांचे दंड थकले आहेत का, हे पाहावे. ‘वाहन’ या सरकारी प्रणालीवर यातील बरीचशी माहिती मिळते. परराज्यातील गाडी स्वस्त वाटली, तरी ती १२ महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवायची तर येथे नव्याने नोंदणी करून कर भरावा लागतो. मूळ राज्यातील कराचा परतावा वेगळा अर्ज करून मिळवावा लागतो. ही रक्कम आधीच हिशेबात घ्यावी.

विमा हस्तांतरित होतो. दावा न केल्याबद्दलची सवलत मात्र जुन्या मालकाकडेच राहते. ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत असू शकते. त्यामुळे मालकाने भरलेला हप्ता पाहून आपल्या खर्चाचा अंदाज बांधू नये.

बोलणी

समजा, मालकाची मागणी ३० लाखांची आहे आणि तशाच सुस्थितीतील गाड्या २८ लाखांच्या आसपास जात आहेत. तपासणीत टायरसाठी सव्वा लाख आणि ब्रेकसाठी ९० हजारांचा खर्च निघाला. तो वजा जाता २५ लाख ८५ हजार उरतात. हीच आपली कमाल मर्यादा कागदावर लिहून ठेवावी आणि बोलणी २५ लाखांपासून सुरू करावी. कपातीच्या प्रत्येक रुपयामागे तंत्रज्ञाचा अहवाल किंवा सुट्या भागांचे दरपत्रक असावे. ‘थोडे कमी करा’ या विनवणीपेक्षा ‘टायर सात वर्षांचे आहेत’ हे वाक्य अधिक वजनदार ठरते. नावबदल आणि विम्याचा खर्च मात्र कोणत्याही खरेदीदाराला येतोच. तो मालकाकडून कापून मागणे न्याय्य नव्हे.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. प्रत्येक सर्व्हिसची पावती जपणाऱ्या आणि तपासणीस बिनदिक्कत परवानगी देणाऱ्या मालकाला दोन पैसे अधिक द्यावेत. निगा राखणाऱ्यालाही बेफिकीर मालकाइतकाच भाव मिळाला, तर अकरलॉफ यांनी सांगितल्याप्रमाणे चांगल्या गाड्या बाजारातून नाहीशा होतात. ‘दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे’ किंवा ‘तपासणीची गरजच काय?’ अशी उत्तरे मिळू लागली, तर सौदा सोडून द्यावा.

इसार आणि हस्तांतर

इसार देताना लेखी पावती घ्यावी. तपासणीत दोष निघाल्यास रक्कम परत मिळेल, ही अट तीत असावी. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. उर्वरित रक्कम म्हणूनच बँकेमार्फत द्यावी. नमुना २९ व ३० वर सह्या घ्याव्यात आणि बोजा असल्यास नमुना ३५ व बँकेचे ना-हरकत पत्र मिळवावे. विमा कंपनीकडे १४ दिवसांत अर्ज करावा.

नावबदलाची निकड विकणाऱ्यालाही तितकीच आहे. अनेक हात बदललेल्या एका गाडीच्या अपघात प्रकरणात, सरकारी दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक म्हणून भरपाईस जबाबदार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. नाव बदलल्याखेरीज सौदा पुरा झाला असे दोघांनीही समजू नये. गाडी निर्धोक स्थितीत, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या दारात उभी राहीपर्यंत जो एकूण खर्च येतो, तीच तिची खरी किंमत. हा आकडा सौद्यापूर्वी ज्याच्या हाती असतो, त्याची फसगत होण्याची शक्यता फार कमी राहते.