आबांचं हेलसिंकी

कुणी जिंकल्याची बातमी आणली की आमचे आबा पहिल्यांदा विचारायचे, "त्याला खांद्यावर कुणी घेतलं?" कोणत्या डावावर जिंकला, किती मिनिटांत जिंकला, हे सगळं नंतर. जिंकणाऱ्याचं नाव पेपरात येतंच, खांदा देणाऱ्याचं येत नाही, ते आपण विचारून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं.

१९५२ साली आबा कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकत होते. त्याच कॉलेजचे पैलवान खाशाबा जाधव त्या जुलैत ऑलिंपिकसाठी फिनलंडला गेले आणि हेलसिंकी हे नाव आबांच्या बोलण्यात कायमचं येऊन बसलं. ते शहर त्यांनी कधी पाहिलं नाही. पण पेपरांतून, पुढे पुस्तकांतून त्या ऑलिंपिकबद्दल जे हाती लागलं ते त्यांनी साठवलं, त्याला स्वतःच्या आठवणी जोडल्या आणि एक लांबलचक गोष्ट तयार केली. तिच्यात धावपटू होते, हॉकी होती, घोड्यावरची एक बाई होती. सुरुवात मात्र दर वेळी पैशापासून व्हायची.

गोळेश्वर हे कराडला लागून असलेलं गाव. खाशाबांचा जन्म तिथला, १५ जानेवारी १९२६चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. कराडच्या टिळक हायस्कुलात असताना बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना आसरा देणं, निरोप पोचवणं ही कामं त्यांनी केली. हा भाग आबा सांगायचे नाहीत. तो आत्याआजीचा. ती आबांची थोरली बहीण, गोळेश्वरात दिलेली, आणि गावाबद्दल बोलायचा हक्क आपलाच आहे असं ती मानायची. आबाही त्या वेळी गप्प बसायचे.

कॉलेजात खाशाबांची उंची जेमतेम साडेपाच फूट. त्यांची चण पाहून वार्षिक स्पर्धेत त्यांना कुस्तीला घ्यायलाच शिक्षक तयार नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी मुभा दिली आणि या लहान चणीच्या मुलाने आपल्याहून दांडग्या पोरांना एकेक करून लोळवलं. त्यांचा हातखंडा डाव ढाक. समोरच्याची मान बगलेत पकडायची आणि तो सावरायच्या आत त्याला उचलून टाकायचा. आबा हे सांगताना उशीला ढाक लावून दाखवायचे.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे खाशाबा पहिल्यांदा मॅटवर उतरले. लाल मातीत पाय रुतवता येतो, घामाने निसटणारी पकड चिमूटभर मातीने घट्ट करता येते, आणि पाठ लागेपर्यंत कुस्ती सुटत नाही. मॅटवर यातलं काहीच नाही. तिथे मिनिटं मोजतात, गुण मोजतात, आणि चीत झाली नाही तर पंच कौल देतात. अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी त्यांना या कुस्तीचे धडे दिले. इतक्या अपुऱ्या तयारीवर खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. आबांना या सहाव्या नंबराचं पदकाइतकंच अप्रूप होतं, आणि मला वाटतं ते रास्त होतं.

पुढची चार वर्षं मेहनतीची. १९५२च्या निवडीत आपल्यावर अन्याय झाला असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष तेच होते. पुन्हा कुस्ती लागली, ती खाशाबांनी मारली, आणि बँटमवेट गटात त्यांचं नाव आलं. आता प्रश्न उरला जायचं कसं. कोल्हापूरच्या महाराजांचं राज्य विलीन झालेलं. सरकारी मदत पुरेशी नव्हती. गोळेश्वरात घरोघरी वर्गणी फिरली, ओळखीच्या दुकानदारांनी हातभार लावला. तेवढ्याने भागेना, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

इथे आबा थांबायचे. त्या काळी खानावळीचं महिन्याचं बिल किती येई ते सांगायचे आणि सात हजारांत एक मुलगा किती वर्षं जेवला असता याचा हिशेब मला करायला लावायचे. उत्तर आलं की म्हणायचे, "एवढं त्या माणसानं एका पोराच्या मनगटावर लावलं, पोरी."

हेलसिंकीला ऑलिंपिक भरवण्याचा मान खरं तर १९४०मध्येच मिळायचा होता. जपानने टोकियोचं यजमानपद सोडल्यावर स्पर्धा फिनलंडकडे आली होती, पण महायुद्ध पेटलं आणि सगळं राहून गेलं. बारा वर्षांनी, १९ जुलै १९५२ला, पावसात उद्घाटन झालं. मशाल घेऊन स्टेडियममध्ये कोण येणार हे आधी सांगितलं नव्हतं. आत शिरला तो पाव्हो नुर्मी. वय पंचावन्न, डोक्यावर टक्कल, पण धावण्याची ढब तीच. ऑलिंपिकमध्ये नऊ सुवर्णपदकं मिळवलेल्या या माणसाला १९३२मध्ये, पैसे घेऊन धावतो असा ठपका ठेवून, बाहेर काढलं होतं. त्याच्या देशाने मशाल त्याच्याच हातात दिली. मैदानातली ज्योत त्याने पेटवली, आणि मनोऱ्यावरची ज्योत त्याच्याही आधीच्या पिढीतल्या हानेस कोलेहमाइनेनने. आपल्या फडात जुन्या वस्तादाला पहिला मान देतात, तसं या लोकांनी केलं म्हणून आबांना फिनलंड आपल्यातलं वाटायचं.

दुसऱ्याच दिवशी चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक दहा हजार मीटर जिंकला. तो धावताना मान वाकडी करायचा, चेहरा असा पिळवटायचा की आता हा कोसळणार असं पाहणाऱ्याला वाटे. २४ जुलैला पाच हजार मीटरची अंतिम शर्यत झाली. शेवटच्या फेरीत चौघे जवळजवळ होते आणि झाटोपेक मागे पडून चौथा झाला होता. शेवटच्या वळणावर इंग्लंडचा चॅटअवे कडेला अडखळून पडला, आणि झाटोपेक बाहेरच्या बाजूने फ्रान्सचा मिमून आणि जर्मनीचा शाडे या दोघांनाही मागे टाकून गेला. त्याच दुपारी त्याची बायको डाना हिने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवलं. दोघांचा जन्मही एकाच दिवसाचा, १९ सप्टेंबर १९२२चा. आमच्या आजीला हेलसिंकीच्या सगळ्या गोष्टीत एवढाच भाग मनापासून आवडायचा. तो आला की ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसायची.

झाटोपेकचं दहा हजार मीटर २० तारखेचं आणि पाच हजार मीटर २४चं. खाशाबांचा दिवस या दोहोंच्या मधला, २३ जुलैचा. आधीच्या फेऱ्यांत त्यांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना चीत केलं होतं, आणि जर्मनीच्या मल्लाशी झालेली अटीतटीची कुस्ती पंचांच्या दोनास एक अशा कौलाने जिंकली होती. उरले होते जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा राशिद ममादबेकोव्ह. दोघांशीही ते हरले. या भागात सगळे सांगतात की इशीशी झालेली कुस्ती फार लांबली आणि दम घ्यायच्या आतच त्यांना पुढच्या कुस्तीला बोलावलं. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे नव्हता. अधिकृत निकालात फक्त कोण हरला आणि कोण जिंकला एवढंच आहे. विश्रांतीची ती गोष्ट तोंडी चालत आली, आणि ती आली नसती तर या पदकाची निम्मी किंमत आपल्याला कळली नसती. इशीला सुवर्ण, ममादबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ते. त्यांच्याबरोबर गेलेले कोल्हापूरकडचेच केशव माणगावे वरच्या गटात चौथे आले. त्यांचं नाव आता कुणी घेत नाही. आबा मात्र न चुकता घ्यायचे.

त्या वेळी तिथे कुणी खाशाबांना खांद्यावर घेतलं का, हे आबांना कधी कळलं नाही. इतरांचं मात्र त्यांना ठाऊक होतं.

२७ जुलैला झाटोपेक मॅरेथॉनला उभा राहिला. हे अंतर तो स्पर्धेत यापूर्वी कधीच धावला नव्हता. इंग्लंडचा जिम पीटर्स यातला जाणकार, म्हणून झाटोपेक त्याच्याबरोबर राहिला. वाटेत त्याने विचारलं, हा वेग ठीक आहे ना? दमलेल्या पीटर्सने त्याला चकवण्यासाठी सांगितलं, फार हळू चाललंय. झाटोपेकने ते खरं मानलं आणि पुढे निघून गेला. पीटर्सला शर्यत अर्धवट सोडावी लागली. झाटोपेक दोन तास तेवीस मिनिटांत आत आला. एका ऑलिंपिकमध्ये पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकणारा तो एकटाच, आजपर्यंत. जमैकाच्या रिले संघाने त्याला खांद्यावर घेऊन मैदानात फिरवलं. ना त्यांचा देश एक, ना भाषा. आबा या जागी हमखास मांडीवर थाप मारायचे.

आणि घोड्यावरची बाई. डेन्मार्कच्या लिस हार्टेलला पोलिओ झाला होता. गुडघ्याखाली पाय लुळे, घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागे. ड्रेसाज म्हणजे घोड्याच्या चालीची स्पर्धा. तिथे बायकांना पुरुषांच्या बरोबरीने उतरायची मुभा त्याच वर्षी पहिल्यांदा मिळाली होती. तिने रौप्यपदक मिळवलं, आणि सुवर्ण जिंकलेल्या स्वीडनच्या सां सीरने तिला विजयमंचावर चढायला हात दिला.

आपल्या बाकीच्या चमूचं थोडक्यात सांगते. हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सला सहा-एक असं हरवलं, त्यातले पाच गोल एकट्या बलबीर सिंग यांचे. फुटबॉलमध्ये अनवाणी खेळणारा आपला संघ युगोस्लाव्हियाकडून दहा-एक असा हरला. नीलिमा घोष आणि मेरी डिसोझा या ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या भारतीय मुलींपैकी. मेरी मुंबईच्या वांद्र्यात वाढलेली, मूळ घराणं गोव्याचं. शंभर आणि दोनशे मीटरमध्ये धावली. ती प्राथमिक फेरीपुढे गेली नाही म्हणून तिची गोष्ट लहान ठरत नाही. तिथवर जाण्याची वाटच तोवर पडलेली नव्हती.

यानंतरचं सांगायला आबांना जड जायचं. १९५५मध्ये खाशाबा पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकआधी गुडघ्याने दगा दिला. नोकरीत वर्षानुवर्षं ते त्याच हुद्द्यावर राहिले. बढती आली ती निवृत्तीच्या तोंडाशी, असिस्टंट कमिशनर म्हणून. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल नेणाऱ्यांमध्ये त्यांना मान मिळाला. तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. १४ ऑगस्ट १९८४ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. छत्रपती पुरस्कार नव्वदच्या दशकात मिळाला, अर्जुन पुरस्कार त्याहून उशिरा, दोन्ही मरणोत्तर. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीतल्या कुस्तीच्या आखाड्याला त्यांचं नाव दिलं. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन ठरला तो २०२३मध्ये. पद्म पुरस्कार अजूनही नाही. जिवंतपणी मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, याचा राग आबांनी शेवटपर्यंत सोडला नाही, आणि तो राग माझ्याकडेही आला आहे. झाटोपेकचं याहून वाईट झालं. १९६८मध्ये प्रागमधल्या सुधारणांच्या चळवळीची बाजू घेतली म्हणून त्याला पक्षातून आणि सैन्यातून काढलं. पुढची काही वर्षं त्याने अंगमेहनतीची कामं केली.

भारताला वैयक्तिक खेळातलं पुढचं ऑलिंपिक पदक मिळायला चव्वेचाळीस वर्षं लागली, १९९६मध्ये लिअँडर पेस. महाराष्ट्राच्या मातीला तर बहात्तर वर्षं थांबावं लागलं. २०२४मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य आणलं. तेव्हा आबा नव्हते. मी टीव्हीसमोर बसून होते आणि विमानतळावरच्या गर्दीत त्याला उचलणारे हात शोधत होते.

आता आत्याआजीचा भाग. आबा कॉलेजात होते, खाशाबा हेलसिंकीहून गावी परतले तो दिवस त्यांनी पाहिला नव्हता. तिने पाहिला होता. खाशाबा आगगाडीने कराडला उतरले तेव्हा स्टेशनावर बैलगाड्यांची रांग लागली होती. शंभराच्या वर, आणि प्रत्येक बैलाच्या शिंगांना रंग. ढोल, लेझीम, गुलाल, औक्षणाची ताटं. थोड्या वेळाची वाट, पण मिरवणूक गावच्या महादेवाच्या देवळापर्यंत पोचायला कित्येक तास लागले. आत्याआजी वेशीत ताट घेऊन उभी होती. दिवा सारखा विझायचा, ती सारखा लावायची. खाशाबा जवळ आले तेव्हा तिने पदकाकडे पाहिलंच नाही, त्यांचे कान पाहिले. "पैलवानाचे कान मेहनतीनं मोडत्यात," ती म्हणायची, "मला ते बघायचे होते."

हारतुरे संपले आणि खाशाबांनी पहिलं काम काढलं ते कुस्त्यांचं मैदान भरवण्याचं. ऑलिंपिकचा पदकवाला स्वतः लढणार म्हटल्यावर माणूस लोटलं. तिकिटाचे पैसे जमले, स्वतःच्या कुस्त्याही त्यांनी मारल्या. ती सगळी रक्कम घेऊन ते कोल्हापूरला गेले, प्राचार्यांच्या हातात ठेवली, आणि खर्डेकरांनी आपलं घर सोडवून घेतलं.