चटईएवढी जागा

शासकीय मराठीत ‘एफ. एस. आय.’ला ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ असा प्रतिशब्द रूढ आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करू द्यावे, याचे हे गुणोत्तर. रत्नागिरी नगरपरिषदेला २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार हेच गुणोत्तर मोजावे लागते, आणि निवासी विभागांचे ‘आर-१’, ‘आर-२’ असे प्रकार रस्त्याच्या रुंदीवरून ठरतात. प्रतिशब्द घडवणाऱ्यांच्या मनात फार काही नसेल. पण ज्या जिल्ह्याने पिढ्यानपिढ्या मुंबईत चटईपुरती जागा भाड्याने घेतली, त्याला हा शब्द परका वाटू नये.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत बाहेरून आलेल्यांमध्ये रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांची संख्या सर्वांत मोठी होती. (आजचा सिंधुदुर्ग तेव्हा, म्हणजे १९८१पर्यंत, रत्नागिरीतच होता.) कातळाची जमीन, खोतीचे ओझे, चार महिन्यांची शेती, गडी आगबोटीने मुंबईस जाई आणि घर मागे राही. हे ‘मागे राही’ महत्त्वाचे. अंगण, पडवी, माजघर, परसू असलेले त्याचे घर वाडीतच होते आणि मनिऑर्डरीवर चालत होते. गिरणगावात त्याने घेतला तो घराचा एक तुकडा: गाळ्यातली निजण्याची जागा आणि खानावळीतले ताट. दिवसपाळीचा उठे, रातपाळीचा आडवा होई.

नगरपित्यांच्या चर्चेत ही जागा आली ती रोगाच्या रूपाने. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले आणि दाट वस्ती हा एकाएकी राज्यकारभाराचा प्रश्न झाला. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट मोहल्ल्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती वसवल्या. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१०च्या दशकात साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. अर्थ सोपा आहे: समोरची भिंत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीलाही आभाळ दिसेल. नियम चांगला होता, यात आम्हांस शंका नाही. परंतु जुन्या चाळी पाडल्यावर तिथला भाडेकरू शेजारच्या चाळीत शिरे आणि ती अधिक दाटे. महापालिकेत घरमालकांचे वजन होते. त्यांना मोकळी जागा म्हणजे बुडालेले भाडे. अधिकारी कोन मोजत होते, मालक भाडे मोजत होते.

आणि ज्यांच्या दाटीबद्दल हे सारे चालले होते, ते मतदारच नव्हते. १९२२पर्यंत महापालिकेचे मत कर भरणाऱ्यांसारख्या मोजक्यांपुरते होते. त्या वर्षी ते महिना दहा रुपये भाडे देणाऱ्यांपर्यंत पोहोचले. गिरणी कामगाराच्या खोलीचे भाडे सहसा त्याहून कमी. शिवाय आठ जणांच्या खोलीत भाडेपावती एकाच्या नावाची. १९३८मध्ये अट पाच रुपयांवर आली, प्रौढ मताधिकार १९४८मध्ये. म्हणजे सुमारे अर्धशतक दाटीची चर्चा तिथे झाली, जिथे दाटीत राहणाऱ्याला मत नव्हते. त्याला विचारले असते, तर त्याने कोनाविषयी काही सांगितले असते का? बहुधा त्याने गिरणीपासूनचे अंतर आणि गावी पाठवायची रक्कम सांगितली असती.

हा तर्क हवेतला नव्हे. १९२०मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने पन्नास हजार खोल्यांचा बेत आखला. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, सिमेंटची, प्लेगच्या काळातील गाळ्यांहून नक्कीच उजेडाची. तरीही दाटीने गुदमरलेल्या शहरात यांतल्या कित्येक खोल्या आरंभी रिकाम्या पडून होत्या.

मराठी साहित्यानेही या गाळ्याकडे उशिराच पाहिले, असे आमचे मत आहे. ‘बटाट्याची चाळ’मधील बिऱ्हाडे कुटुंबवत्सल, पांढरपेशी, पाळीपाळीने निजणारे तिथे नाहीत. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये गिरणगावातली खोली रंगमंचावर येते ती १९८२च्या संपानंतरची, गिरणीच उरली नसतानाची.

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या रहिवाशांना उंच मनोऱ्यांतील ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांच्या खोलीत राहूनही कित्येकांनी वाडीतले घर सोडले नव्हते. ते अजूनही गणपतीला आणि शिमग्याला उघडते.