सागरी सायबर सुरक्षा
जहाजावरील संगणकप्रणालींचे संरक्षण हा खलाशांच्या जिवाचा प्रश्न आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक संगणकीय आज्ञावलीने मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीचे कामकाज ठप्प केले. न्हावा शेवा बंदरातील तिच्या समूहाचे टर्मिनलही थांबले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे. जहाजे मात्र चालत राहिली, म्हणून धोका कचेरीपुरताच, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. त्याच महिन्यात काळ्या समुद्रातील काही जहाजांचे जीपीएस त्यांचे स्थान चक्क जमिनीवरील विमानतळावर दाखवत होते. इलेक्ट्रॉनिक नकाशा आणि स्वयंचलित सुकाणू जीपीएसच्याच संकेतावर विसंबतात. रात्री, अरुंद खाडीत अशी फसगत जहाज खडकावर नेईल. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२१ पासून सायबर जोखीम सुरक्षा व्यवस्थापनात आणली, हे योग्यच. परंतु मोजक्या, थकलेल्या खलाशांवर हे वाढीव काम प्रशिक्षणाविना टाकणे अन्यायाचे आहे.